तणस, पोलाद आणि हवा

मंडळी, बऱ्याच दिवसांनी लिहायला बसले आहे आणि विषय वाचून नेहमीचे वाचक हसतील. मोटारगाडीचे स्प्रिंग! जन्मभर मराठी आणि इतिहास शिकवलेल्या बाईने यात पडायचं कारण म्हणजे माझा न्यू जर्सीतला भाचा. तो एडिसनला राहतो. त्याच्याकडे एक जुनी, लांबलचक अमेरिकन गाडी आहे, सेकंडहॅण्ड घेतलेली. कंपनीचं नाव लिहीत नाही, उगाच कशाला. या गाडीच्या मागच्या चाकांवर पोलादी स्प्रिंग नाहीत, तर हवा भरलेल्या रबरी पिशव्या आहेत. डिकीत एक छोटा कॉम्प्रेसर आणि उंची मोजणारा एक सेन्सर. गाडीत माणसं बसली की कॉम्प्रेसर हवा भरतो, उतरली की हवा सोडतो, म्हणजे गाडी कायम सरळ. ऐकायला किती छान! पण आता पिशव्या जुन्या झाल्या, रबराला चिरा गेल्या. रात्री उभी केलेली गाडी सकाळी मागच्या बाजूने बसलेली असते, गाय बसावी तशी.

तिथल्या मेकॅनिकने दोन मार्ग सांगितले. नव्या पिशव्या, नवा कॉम्प्रेसर, नव्या नळ्या, सगळं पूर्वीसारखं, पण खर्च जवळजवळ गाडीच्या किमतीइतका. नाहीतर हवेचं सगळं प्रकरण काढून टाकायचं आणि त्याच जागी साधे कॉइल स्प्रिंग बसवायचे. हे स्वस्त आणि कायमचं. पण त्याच गाडीतून माझी ताई, म्हणजे त्याची आई, दवाखान्यात जाते. तिच्या मणक्याचं ऑपरेशन झालं आहे. भाचा म्हणाला, "मावशी, लोक लोखंडावरून हवेवर जातात आणि मी हवेवरून लोखंडावर चाललोय. हे मागे जाणं नाही का? आणि आईला धक्के बसले तर?"

प्रश्नाचा दुसरा भाग ताईच्या पाठीचा होता, म्हणून थट्टेवारी नेता येईना. पहिला भाग मात्र इतिहासाचा, म्हणजे माझ्या प्रांतातला. मागे जाणं म्हणजे नेमकं काय? आधी काय होतं, ते पाहू या.

आमच्या भागात आधी होती बंडी. पुण्या-मुंबईच्या वाचकांसाठी सांगते, विदर्भात बैलगाडीला बंडी म्हणतात. बंडीला स्प्रिंग नसतो. लाकडी आख, त्यावर थेट साटा, चाकाला लोखंडी धाव. मग बसणाऱ्याचं काय? हा धानाचा मुलूख, त्यामुळे खाली तणस अंथरायचं, म्हणजे भाताचा पेंढा. हातभर तणस, त्यावर गोधडी, त्यावर बाळंतीण किंवा म्हातारं माणूस. आमच्याकडचं पहिलं सस्पेन्शन हेच. तणस दबून गेलं की बदलायचं, आणि जुनं बैलांनी खायचं. दुसरी सोय चाकाच्या आकाराची. चाक मोठं, म्हणून लहानसहान खड्डा त्याला कळतच नाही. आणि तिसरी, सर्वांत मोठी सोय बैलांच्या चालीची. तासाला तीन-चार किलोमीटर जाणाऱ्या वाहनाला स्प्रिंगची गरज काय? धक्क्याचा जोर वेगाबरोबर वाढतो. म्हणून मला वाटतं, स्प्रिंगचा इतिहास हा खरं तर घाईचा इतिहास आहे.

श्रीमंतांसाठी पालखी होती. तिचा दांडा वाकतो, लवतो, तोच तिचा स्प्रिंग. शिवाय भोई मुद्दाम एकमेकांशी पाऊल न जुळवता चालायचे, म्हणजे पालखीला झोका लागत नाही. रस्ता कसाही असो, माणसाचे गुडघे आणि खांदे तो खड्डा वरपर्यंत पोचू देत नाहीत. ही पालखी जरा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

युरोपातही सुरुवात टांगण्यापासूनच झाली. हंगेरीतल्या कोच नावाच्या गावातल्या गाड्या प्रसिद्ध होत्या, आणि युरोपभर घोडागाडीला 'कोच' हे नाव त्या गावावरून पडलं. पुढे गाडीचा डबा जाड चामडी पट्ट्यांवर टांगू लागले. धक्का कमी, पण डोलणं इतकं की प्रवाशांना मळमळायचं. दरम्यान १६७६ साली रॉबर्ट हूक या इंग्रज शास्त्रज्ञाने स्प्रिंगचा नियम अक्षरांच्या कोड्यात छापून ठेवला, दुसऱ्याने चोरू नये म्हणून! १६७८ साली त्याने कोडं उलगडलं. नियम साधा: जितकं ओझं, तितकी दाब किंवा ताण. ओझं दुप्पट तर स्प्रिंग दुप्पट दबणार. शाळेत विज्ञानाच्या सरांच्या तासाला मागच्या बाकावर बसून मी तो ऐकलेला आहे, तेव्हा कंटाळा आला होता. आता कळतं की आपल्या पाठीचं नशीब त्या एका ओळीत आहे.

मग लंडनचा गाडीकारागीर ओबाडाया एलियट. त्याने १८०४च्या सुमारास धनुष्याकार पोलादी पट्ट्यांची चळत वापरून घोडागाडी बनवली आणि पेटंट घेतलं. हाच आपला पाटा. आपल्याकडे टांग्याला हीच कमान आली, मग मोटारींना, ट्रकला, एसटीला. ड्रायव्हर 'पाटा' म्हणतात, बातम्यांत कधी 'कमानपाटा' येतो.

पाट्याबद्दल थोडं सविस्तर लिहिते, कारण अहेरीत त्याच्याशिवाय पान हलत नाही. सर्वांत लांब पट्टी ती मूळ पाटा, तिच्या खाली क्रमाने आखूड पट्ट्या. सगळ्या मधोमध बोल्टने आवळलेल्या. खड्डा आला की पट्ट्या वाकतात आणि एकमेकींवर घासतात. त्या घासण्यातच उसळी थोडी मरते. शिवाय चाकांचा आख जागेवर धरून ठेवण्याचं कामही हाच पाटा करतो. त्याला वेगळे दांडे लागत नाहीत. म्हणजे एका वस्तूत तीन कामं. वजन पेलणं, आख धरणं, उसळी मारणं. गरिबाघरच्या मोठ्या मुलीसारखं त्याचं आहे, सगळं तिच्यावरच.

आणि तो तुटला तरी गाडी लगेच मरत नाही. मधली एखादी पट्टी तुटली तर गाडी हळूहळू घरी येते. मी १९७० च्या दशकात नोकरीसाठी या भागात आले, तेव्हा हा चंद्रपूर जिल्हा होता. गडचिरोली वेगळा झाला २६ ऑगस्ट १९८२ला. त्या काळात तुटलेल्या पाट्याला लाकडाचा ठोकळा आणि दोरखंड बांधून जंगलातून बाहेर आलेली जीप मी पाहिलेली आहे, आत बसून. आलापल्लीचा एक मिस्त्री, माझा जुना विद्यार्थी, नेहमी म्हणतो, "बाई, पाटा तुटाच्या आंधी आवाज देते जी. कुरकुर ऐकली का समजून जायचं." बोलणारा भाग आहे म्हणे तो.

त्याचा एक दुर्गुण मात्र आहे आणि तो फार कमी लोकांना माहीत असतो. पाटा भरलेल्या गाडीच्या हिशोबाने बनवतात. त्यामुळे रिकामी गाडी सर्वांत जास्त उडते. आमच्याकडच्या काळीपिवळीत चौदा माणसं कोंबली की ती लोण्यासारखी चालते (माणसांचं काय होतं ते विचारू नका), आणि दोघंच बसली की डोकं टपाला लागतं. हूकचाच नियम. हा मुद्दाही लक्षात असू द्या.

कॉइल स्प्रिंग म्हणजे पोलादी सळईचा पिळा. वजनाला हलका, जागा कमी घेतो, त्यात घासाघीस नाही म्हणून बारीक धक्केही छान पचवतो. पण त्याला बाकी काही येत नाही. आख धरायला वेगळे दांडे लागतात आणि उसळी मारायला शॉकअ‍ॅब्सॉर्बर, ज्याला सगळीकडे शॉकअप म्हणतात. तो नसेल तर गाडी चेंडूसारखी उडत राहील. आपल्याकडे कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातली फियाट, पुढे तिचीच पद्मिनी झाली, पुढे कॉइलवर आणि मागे पाट्यांवर होती. अ‍ॅम्बॅसडरही मागे पाट्यांवरच. महिंद्राची जीप तर चारही चाकांना पाटे. मागच्या चाकांना कॉइल असलेल्या मोठ्या देशी गाड्या नंतर आल्या, १९९८ची टाटा सफारी, २००२ची स्कॉर्पिओ. आमच्याकडे त्यावरून माणूस ओळखता येतो, पुढारी कॉइलवर आणि फॉरेस्टची बोलेरो मागे पाट्यांवर.

आता हवा. भाच्याला वाटतं की हवा हे स्प्रिंगच्या इतिहासातलं शेवटचं, सर्वांत पुढचं पान आहे. पण गंमत बघा. अमेरिकेत जनरल मोटर्सने १९५७ साली कॅडिलॅक एल्डोरॅडो ब्रूम नावाची गाडी काढली. किंमत तेरा हजार डॉलरच्या वर, त्या काळी त्यात लोक घर घेत. चारही चाकांवर हवेचे स्प्रिंग, कॉम्प्रेसर, सगळा थाट. १९५७ आणि १९५८ मिळून फक्त ७०४ गाड्या बनल्या. आणि झालं काय? हवा गळायला लागली. उंची सांभाळणारे व्हॉल्व्ह बिघडायचे आणि एवढी मोठी शेठाणी गाडी दारात एका कुशीवर बसलेली दिसायची. बऱ्याच मालकांनी शेवटी हवा काढून कॉइल स्प्रिंग बसवून घेतले. १९५८ साली शेव्हरोलेसारख्या साध्या गाड्यांनाही जादा पैसे देऊन हवेचं सस्पेन्शन मिळायला लागलं होतं, तेही लवकरच गुंडाळलं गेलं. म्हणजे माझा भाचा जे करायला निघाला होता ते अमेरिकेतल्या सर्वांत श्रीमंत लोकांनी त्याच्या जन्माआधीच करून ठेवलं होतं. पुढे १९८४च्या लिंकन मार्क सेव्हनपासून संगणकाच्या मदतीने हवा पुन्हा आली. पण रबर ते रबर. पोलाद थकायला दशकं लागतात, रबर उन्हाथंडीने आपोआप म्हातारं होतं, गाडी चालो न चालो.

हे मी त्याला फोनवर सांगितलं आणि दोन प्रश्न विचारले. तुझे रस्ते कसे? म्हणाला, गुळगुळीत. गाडीत माणसं किती? म्हणाला, आई आणि मी. मग म्हटलं, ओझं बदलत नाही, रस्ता बरा आहे, तर हवेचं काम काय उरलं? फक्त कॉइल त्या गाडीच्या वजनाचेच घे, जड मालाचे नको, आणि शॉकअपही बदल, जुने ठेवू नकोस. त्याने तसं केलं. डॅशबोर्डावर हवेच्या इशाऱ्याचा दिवा आता सतत पेटतो म्हणून तेवढी त्याची वायर काढावी लागली. ताईला मी स्वतंत्र फोन करून विचारलं. ती म्हणाली, "वळणावर गाडी पूर्वी तरंगायची, आता तरंगत नाही. पुलाच्या सांध्यावर किंचित कळतं. पण सकाळी मागची बाजू खाली बसलेल्या गाडीत वाकून शिरायला लागायचं ना गं, ते सुटलं." मणक्याच्या माणसाला धक्क्यापेक्षा वाकणं वाईट, हे ना मला सुचलं होतं ना भाच्याला.

एवढ्यावर लेख संपला असता. पण हवा वाईट आणि पोलाद चांगलं, असा निकाल दिला तर तो खोटा होईल. कारण मुंबईच्या लोकल गाड्यांत नेमका उलटा प्रवास झालाय. तिथे कॉइल स्प्रिंग जाऊन हवा आली!

लोकलचा डबा दुपारी रिकामा आणि संध्याकाळी सहाला असा भरलेला की रेल्वेनेच त्या गर्दीला 'सुपर डेन्स क्रश लोड' असं नाव दिलंय. एवढ्या ओझ्याखाली कॉइल पार दबायचे आणि तुटायचे. रिकाम्या डब्यासाठी मऊ ठेवावेत तर भरल्यावर बसतात, भरलेल्यासाठी कडक ठेवावेत तर रिकामा डबा हाडं मोडतो. हवेचं तसं नाही. ओझं वाढलं की पिशवीत जास्त हवा भरते, दाब वाढतो आणि दाबाबरोबर स्प्रिंग तितकाच कडक होतो. ओझं उतरलं की पुन्हा मऊ. त्यामुळे रिकामा असो की भरलेला, डब्याची झुलण्याची लय जवळजवळ तीच राहते, आणि डब्याची जमीन फलाटाच्या उंचीशी जुळलेली राहते. म्हणून डब्याखाली हवेचे स्प्रिंग बसवायला सुरुवात झाली आणि २००७ पासून आलेल्या नव्या लोकल तर हवेवरच आल्या. हूकने घातलेली अडचण हवेने अशी सोडवली.

पण मुंबईत ती टिकली का? कारण रोज रात्री गाडी कुर्ला, कळवा, सानपाडा, विरार, कांदिवली अशा कुठल्यातरी कारशेडला जाऊ शकते. तिथे पिशवी बदलणारा माणूस आहे आणि पिशवीही आहे.

एसटीचंही तेच. १ जून १९४८ला पुणे ते नगर (आताचं अहिल्यानगर) पहिली एसटी धावली, ती बेडफर्डची, लाकडी बांध्याची, आत काथ्याच्या गाद्या आणि खाली पाटे. १ जून २०२२ला त्याच मार्गावर विजेवर चालणारी 'शिवाई' सुरू झाली, ती हवेवर. त्याआधी मुंबई-पुणे रस्त्यावर शिवनेरीच्या व्होल्वो हवेवर धावू लागल्या होत्या, कारण तिथे द्रुतगती मार्ग झाला होता. आमच्या अहेरीच्या आगारातून भामरागडला, सिरोंचाला जाणारी लाल गाडी पाट्यांवर जाते. आलापल्लीहून आष्टीकडे जाणाऱ्या रस्त्यावर सुरजागडच्या लोहखनिजाचे ट्रक आणि सिरोंचाच्या सुमारे शंभर किलोमीटरच्या वाटेवर पावसाळा, असं दोघांनी मिळून रस्त्याचं जे केलंय ते इथल्या प्रत्येकाच्या कमरेला ठाऊक आहे. सर्वांत चांगला रस्ता त्यालाच सर्वांत मऊ गाडी, आणि सर्वांत वाईट रस्ता त्याला सर्वांत कडक. यात कोणाचं कारस्थान नाही. खड्ड्यात पिशवी फाटली तर इथे करणार काय, हा साधा हिशोब आहे. तरी पण त्याचा राग येतो, हे लिहून ठेवते.

राग येण्याचं कारण रुग्णवाहिका. महाराष्ट्रात १०८ची सेवा २०१४ साली सुरू झाली आणि ती आमच्या भागातही येते, हे मोठंच काम आहे. तिच्यामुळे वाचलेली माणसं मला माहीत आहेत. पण ती गाडी मालवाहू जातीची, मागे पाटे. आणि आत माणसं किती? रुग्ण, डॉक्टर, एखादा नातेवाईक. मघाशी सांगितलं ना, पाट्यांवरची हलकी गाडी सर्वांत जास्त उडते. म्हणजे सर्वांत नाजूक माणूस, सर्वांत वाईट रस्ता, आणि नेमका त्या प्रसंगी सर्वांत कडक वागणारा स्प्रिंग. अहेरीहून गडचिरोलीला शंभराहून अधिक किलोमीटर. माझ्या शेजारणीच्या सुनेला नवव्या महिन्यात त्या रस्त्याने न्यावं लागलं तेव्हा मी सोबत होते. तिने पूर्ण वेळ स्ट्रेचरची कड धरली होती आणि मी तिला धरलं होतं. ड्रायव्हर बिचारा तासाला वीसच्या वर जाईना. घाईच्या गाडीला शेवटी जवळजवळ बंडीच्या चालीवर यावं लागलं. बाळ-बाळंतीण सुखरूप आहेत.

आत, भामरागड आणि एटापल्लीच्या गावांत, जिथे गाडीच पोचत नाही तिथून आजारी माणसाला अजून खाटेवर आणतात. पावसाळ्यात पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा रस्ता तुटतो, हे तर वर्षानुवर्षांचं. खाट उलटी करून दोरांनी बांबूला टांगायची, दोघं पुढे, दोघं मागे. पेपरात तो फोटो आला की शहरातले लोक हळहळतात, आणि हळहळायलाच हवं, कारण वेळ जातो आणि वेळेबरोबर माणूस जातो. पण अशा खाटेवरून आणि पुढे गाडीतून आलेल्या एका म्हाताऱ्याला मी विचारलं होतं, त्रास कुठे जास्त झाला? तो क्षणभरही न थांबता म्हणाला, गाडीत. बांबू लवतो, माणसं पाय सांभाळून टाकतात. पालखीचीच रीत, फक्त वर बसणारा बदललाय.

ज्या वाहनाला हवेच्या स्प्रिंगची खरी गरज आहे ते एडिसनच्या गुळगुळीत रस्त्यावर नाही, ते आमच्या रस्त्यावर आहे. मागच्या महिन्यात आलापल्लीच्या त्या विद्यार्थ्याकडे गेले आणि सरळ विचारलं, "उद्या हवेवरची रुग्णवाहिका आली इकडे, तर दुरुस्त करशील का रे?" ग्रीसचे हात पुसत तो थोडा विचारात पडला. म्हणाला, "शिकून घेईन ना जी बाई, त्यात काय. पण पिशवी कुठून आणू? नागपूरवरून मागवली तरी दोन-तीन दिवस. तवापर्यंत गाडी उभी. अन् रस्ता असाच राहिला तर पुन्हा फाटते. एक पिशवी दुकानात ठेवायला दिली अन् आष्टीपर्यंतचा रस्ता नीट केला, तर होते काम."

त्याच्या दुकानाच्या भिंतीला टेकून पाटे उभे होते. जीपचे, ट्रकचे, ट्रॅक्सचे, काही नवे, काही दुसऱ्या गाडीतून काढलेले. मी निघेपर्यंत त्यातला एक विकला गेला.